हवा किती?

आमच्या सोसायटीत कुणी नवी सायकल आणली की तिला हार नंतर पडतो, आधी बापूंचा अंगठा पडतो. मागच्या टायरवर अंगठा दाबायचा, डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचं आणि मग नुसती मान हलवायची. नाडी बघणारा वैद्य काही न बोलताच रोग्याला अर्धा करतो, त्यातलाच हा प्रकार. सायकलवाल्याच्या पोटात गोळा आला की मग प्रश्न येतो : "हवा किती?"

हा बापूंचा नमस्कार आहे. 'कसे आहात' असं त्यांनी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. माझा मुलगा दहावी पास झाला तेव्हा पेढा तोंडात टाकता टाकता त्यांची नजर जिन्याखालच्या त्याच्या सायकलवर गेली. म्हणाले, "अभिनंदन! पण पुढच्यात कमी आहे." त्यांना पुढचं चाक म्हणायचं होतं. पोरगं मात्र अकरावीच्या धास्तीने दोन दिवस नीट जेवलं नाही.

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. आता सायकलवाले उरलेत ते दोन जातींचे. एक, पहाटे पाचला अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घालून सिंहगडाकडे निघणारे. दुसरे, सकाळी सव्वानऊला हँडलला डबा अडकवून कामावर निघणारे. बापू दुसऱ्या जातीतले. पँटच्या उजव्या पायाला क्लिप, डोक्याला टोपी, कॅरिअरला रेक्झिनची पिशवी. कर्वे पुतळा, नळ स्टॉप, लॉ कॉलेज रस्ता, सेनापती बापट रस्ता आणि पुढे गणेशखिंडीत कचेरी. "हौशी माणसाला पंक्चर झालं की त्याची गोष्ट होते," बापू म्हणतात, "कामावर जाणाऱ्याला झालं की लेटमार्क होतो."

ह्या लेटमार्कातूनच सगळी भानगड सुरू झाली. एका साहेबांनी उशिराचं कारण लेखी मागितलं. बापूंनी कोऱ्या कागदावर 'पंक्चर' एवढंच लिहून खाली सही ठोकली आणि सहपत्र म्हणून तो खिळा कागदाला टाचून दिला. साहेबांनी कागद परत केला. खिळ्यासकट परत केला, हे महत्त्वाचं; कारण त्या खिळ्यासाठी बापूंनी त्याच संध्याकाळी वही घातली.

ही वही मी पाहिली आहे. दोनशे पानी, खाकी कव्हरची. पट्टीने आखलेले रकाने : तारीख, ठिकाण, चाक, कारण, कोणी काढले, शेरा. आणि प्रत्येक नोंदीशेजारी, सेलोटेपखाली, गुन्हेगार स्वतः हजर. बाटलीच्या काचेचा कपचा. बाभळीचा काटा. चपलेचा खिळा. बाइंडिंग वायरचे तुकडे तर पानोपानी; शहरात जिथे जिथे खांब उभे राहत गेले, तिथे तिथे वहीतलं 'ठिकाण' सरकत गेलेलं. एका पानावर सराटा. "नीट बघ ह्याच्याकडे," बापू म्हणाले, "कसाही पडला तरी एक काटा वरच. टेकडीवर गवत वाळलं की हा खाली येऊन दबा धरून बसतो." त्यांच्या आवाजात शत्रूबद्दल वाटावा तसा आदर होता.

पण वहीतला सगळ्यात मोठा गुन्हेगार डोळ्यांना दिसतच नाही. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून बाहेर पडलेली, केसाएवढी पोलादी तार. ती टायरमध्ये शिरून बसते. पंक्चर काढून घरी या, सकाळी पुन्हा हवा गेलेली. ती शोधायची बापूंची रीत ठरलेली. टायर बसवतानाच त्याच्यावरचं नाव आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह एका रेषेत ठेवायचे. ट्यूबला भोक व्हॉल्व्हपासून वीतभर उजवीकडे सापडलं, की टायरमध्येही नावापासून तेवढ्याच अंतरावर बघायचं. त्या जागी आतून कापसाचा बोळा फिरवायचा. तार असेल तर कापूस अडकतो. मग चिमट्याने उपटायची. हा चिमटा मुळात वहिनींचा, भुवयांसाठी घेतलेला. "माझ्या भुवयांपेक्षा ह्यांच्या टायरला जास्त वेळा लागलाय," असं वहिनी सांगतात. ते खरं असावं, कारण बापू लगेच विषय बदलतात.

आजवर रस्त्यात सायकल हातात धरून चालणारा एकही माणूस बापूंच्या तावडीतून सुटलेला नाही. मीही नाही. माझ्या ट्यूबला एकाला एक लागून दोन भोकं निघाली, तेव्हा मी रस्त्याच्या नावाने बोटं मोडायला लागलो. "रस्त्याचा काय दोष?" बापू म्हणाले. "हा सापाचा दंश. दोन दात. हवा कमी ठेवून खड्ड्यात घातलीस. टायर दबला, ट्यूब रिमवर चेपली, दोन्हीकडून चावा बसला. पंक्चर नशिबाने होत नसतं रे, दुर्लक्षाने होतं." शेवटचं वाक्य हे त्यांचं पालुपद आहे. ते त्यांनी सायकलीपुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मेहुण्याच्या सोडचिठ्ठीच्या वेळीही त्यांनी ते ऐकवलं होतं.

अशा माणसाने पंक्चर न होणारा टायर शोधायला निघावं, हे ओघानेच आलं.

आधी घरगुती उपाय झाले. पहिला गेटरचा. जुन्या टायरच्या कडा कापून उरलेला पट्टा नव्या टायरच्या आत घालायचा. खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली युक्ती. पंक्चरं थांबली, पण सायकल अशी चालायला लागली की बापू स्वेटरवर स्वेटर घातलेल्या पोरासारखे वळायचे. त्यात गेटरच्या कडेने ट्यूब घासून घासून एक दिवस स्वतःच फाटली.

दुसरा उपाय हिरव्या औषधाचा. ट्यूबमध्ये ओतायचं, काटा घुसला की ते भोकाशी धावून जातं आणि तिथे गोठतं. धावून गेलं खरं. पण भोक जरा मोठं होतं. सेनापती बापट रस्त्याच्या सिग्नलला बापूंच्या मागच्या चाकातून हिरवं कारंजं उडालं आणि शेजारच्या स्कूटरवरल्या गृहस्थांच्या पांढऱ्या सफारीवर स्थिरावलं. गृहस्थ लग्नाला निघाले होते. बापूंनी त्यांना सांगितलं, "काळजी करू नका, विषारी नाही."

तिसरा उपाय भरीव टायरचा. हवाच नाही, तर जाणार काय? तर्क बिनतोड होता. पण हवा फक्त जाण्यासाठी नसते, हे बापूंना लॉ कॉलेज रस्त्याच्या पहिल्याच गतिरोधकावर कळलं. महिनाभरात मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या आणि बापूंच्या दाढेतली चांदी निघाली. दंतवैद्यांनी काय खाल्लंत म्हणून विचारलं. बापू म्हणाले, "गतिरोधक."

तेव्हापासून ते हवेबद्दल फार हळवेपणाने बोलतात. पूजेचा प्रसाद घ्यायला गेलेल्या माणसालाही डनलॉपची कथा ऐकावी लागते. बेलफास्टमधले हे जनावरांचे डॉक्टर. मुलाची तीनचाकी भरीव चाकांवर खडखडत होती म्हणून त्यांनी हवेचा टायर केला आणि १८८८ साली पेटंट घेतलं. "पोराच्या पाठीची काळजी, म्हणून जगाला हवा मिळाली," बापू सांगतात. आणि आपण हात जोडून उठणार तोच म्हणतात, "पण पेटंट टिकलं नाही बरं का! थॉमसन म्हणून एकाने १८४५ सालीच घेऊन ठेवलं होतं. तेव्हा घ्यायला गिऱ्हाईकच नव्हतं." ह्या थॉमसनबद्दल त्यांना फार वाईट वाटतं. वेळेच्या आधी पोचून लेटमार्क पडलेला माणूस म्हणून असेल.

मग खरा शोध सुरू झाला. त्याला अकरा महिने लागले. हसू नका, प्रत्येक घराण्यात असा एक जण असतो. कुणी गादी घेताना वर्ष लावतो, कुणी पाण्याचा फिल्टर. मी स्वतः मिक्सर घेताना चार महिने काढले आणि तोवर बायकोने भाऊबीजेला माहेरून आणला. ह्या लोकांना वस्तू नको असते असं नाही. पण एकदा ती घेतली की विचारायला काही उरत नाही, ह्याची त्यांना आतून भीती असते.

पहिले दोन महिने नुसते मापात गेले. "अठ्ठावीस म्हणजे कुठलं अठ्ठावीस?" बापू दुकानदाराला विचारायचे. दुधवाल्याच्या दणकट काळ्या सायकलचं अठ्ठावीस वेगळं, तिच्या रिमवर टायर बसतो ते माप ६३५ मिलिमीटर. आणि बापूंच्या सायकलचं ६२२. दोघांनाही लोक अठ्ठावीसच म्हणतात. पुण्यात नुसतं 'जोशी' म्हणून भागत नाही, कुठले ते सांगावं लागतं, तसंच हे. बापूंचं माप ३७-६२२. ते त्यांनी पाकिटात रक्तगटाच्या चिठ्ठीमागे लिहून ठेवलं आहे.

पुढचे चार महिने थरांचे. "बाहेरची नक्षी बघून जाऊ नका," हे दुसरं पालुपद. "सायकलला डांबरी रस्त्यावर नक्षीचं काम नाही. पाण्यावरून घसरून तरंगायला मोटारीचा वेग लागतो, तो आपल्याला कुठला? माल आत असतो. कापा आणि बघा." आणि ते खरोखर कापत. भंगारात निघालेला माझा टायर त्यांनी गच्चीत हॅक्सॉने आडवा चिरला आणि केकचे थर दाखवावेत तसे दाखवले : वर रबर, खाली धाग्यांचं कापड, आणि मध्ये जिथे कवच असायला हवं तिथे काहीच नाही. "हा तुझा टायर," ते म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस मी बिनाकवचाचा माणूस म्हणून हिंडलो.

कुठल्याशा टायरमध्ये केव्हलारचा पट्टा आहे, हे कळल्यावर मी उत्साहाने सांगायला गेलो. बुलेटप्रूफ जाकिटातला धागा! बापूंनी मला बसवलं. "हा धागा स्टेफनी क्वोलेक नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली शोधला. आणि त्यांची कंपनी तेव्हा शोधत काय होती? टायरसाठी हलका, मजबूत धागा. जाकीट नंतर आलं. म्हणजे माहेर टायरचंच." मी म्हटलं, मग घ्या की. "गोळी बोथट असते," बापू म्हणाले. "काचेने कापायला गेलं तरी हा धागा अडवतो. पण सराट्याचं टोक सुईसारखं. दोन धाग्यांमधून वाट काढतं. त्याला अडवायला नुसती ताकद नको, जाडी हवी." हे सांगताना ते स्वतःच्या पोटावरून हात फिरवत होते.

जाडीवर अडलेली गाडी शेवटी श्वाल्बे ह्या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लसपाशी थांबली. त्यात नक्षीच्या खाली लवचीक रबराचा पाच मिलिमीटर जाड थर असतो. ड्रॉइंग पिन पुरी घुसली तरी टोक ट्यूबपर्यंत पोचत नाही. बापूंनी वहीतले सगळे गुन्हेगार पट्टीने मोजले. टोकाशी पाच मिलिमीटरच्या वर भरणारे फक्त दोन निघाले. "म्हणजे बाकी सगळे ह्या टायरने अडवले असते," ते म्हणाले. पण निर्णय झाला नाही. कारण किंमत. जोडीच्या किमतीत त्यांच्या वडिलांनी अख्खी सायकल घेतली होती, दिवा आणि घंटीसकट. आणि दुसरं कारण वजन : एकेक टायर किलोला जरासाच कमी. कंपनीचा आकडा बापूंना पुरेसा वाटत नव्हता. कुणीतरी परदेशातून आणलेला एक टायर त्यांनी एका रात्रीपुरता मागून आणला आणि ओट्यावर, पिठाच्या वजनकाट्यावर ठेवला. वहिनी म्हणाल्या, "पोरं झाली तेव्हा हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलेलं वजन लगेच मानलं होतंत की!"

अकराव्या महिन्यात टायर आले ते वहिनींमुळे. वाढदिवसाला त्यांनी मुलाकडून परस्पर मागवून घेतले. बापू दोन दिवस घुश्शात होते. "अजून एकाशी तुलना राहिली होती," म्हणत होते.

बसवायचा कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. जाडजूड टायर रिमवर चढवणं म्हणजे धुतलेली जीन चढवण्यासारखं. तीन चतुर्थांश सहज जातं, उरलेल्याला देव आठवतो. बापूंना युक्ती ठाऊक होती. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची, टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत यायची, म्हणजे शेवटी थोडी ढील मिळते. ती ढील काही मिळेना. एकीकडून बसवावा तर दुसरीकडून सुटे. शेवटी बापूंनी चढलेला भाग पायजम्याच्या नाडीने रिमला बांधून टाकला. ती नाडी त्यांनी अंगातल्याच पायजम्यातून ओढली होती, त्यामुळे पुढचं सगळं काम एका हाताने झालं. दुसरा हात मी. बारा वाजता टायर 'टप्' करून बसला. बापूंनी अंगठा दाबला. अंगठा आत जाईना. त्यांनी डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच मान वेगळ्या दिशेने हलली.

"कचेरीला आधी बत्तीस मिनिटं लागायची," पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं. "आता चौतीस. पण ही खात्रीची चौतीस."

आणि मग काहीच झालं नाही. सहा महिने. वर्ष. दुसरं वर्ष. सराटे आले, वाळले. खांब उभे राहिले. बापू काचांवरून मुद्दाम जायला लागले. वहीत नोंद करायला काही नाही, पण सरकारी माणूस रकाना कोरा ठेवत नाही. दर महिनाअखेरीस बापू लिहायचे : 'निरंक'. आणि सही. चोवीस निरंक. आम्हीही त्यांना काही विचारेनासे झालो, विचारणार काय? ते संध्याकाळी जिन्याखाली उभे राहून दुसऱ्यांच्या सायकली चाचपत, पण तोही आपला सवयीचा भाग म्हणून. लेकीचं लग्न होऊन ती सुखात आहे असं कळल्यावर बापाचं होतं, तसं काहीतरी त्यांचं झालं होतं.

परवाच्या फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचा आवाज आला. "अरे, खाली ये!" मागचं चाक जमिनीला टेकलेलं होतं. बापू टायरवरून बोट फिरवत होते. काटा नाही, खिळा नाही, चीर नाही. चेहरा असा, की घरातल्याच माणसाने खोटी सही केली असावी. टायर काढायचा प्रयत्न झाला. दोन पट्ट्या मोडल्या. पंचवीस मिनिटांनी बापू उठले, हात पुसले आणि म्हणाले, "मामाकडे जाऊ."

मामाचं दुकान म्हणजे पिंपळाखाली एक लाकडी पेटी, एक पंप आणि पाण्याची परात. आम्हाला बघून मामा उठून उभा राहिला. "दोन वर्षं फिरकला नाहीत, बापू. मी म्हटलं बदली झाली." मग चाक उलटं करता करता, खाली बघूनच म्हणाला, "वाईटसाईट पण आलं मनात. विचारणार कुणाला? तुमचं घर कुठे ठाऊक आहे मला?"

बापू काहीच बोलले नाहीत. हे मी प्रथमच पाहत होतो.

मामाने चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि तो जर्मन टायर चार मिनिटांत सोलून काढला. ट्यूब परातीत बुडवली. बुडबुडे आले ते आतल्या अंगाने, जी बाजू रिमकडे असते तिथून. मामाने रिममध्ये बोट फिरवलं. रिमची पट्टी सरकली होती आणि एका स्पोकचं टोक वर आलं होतं. बाहेरच्या शत्रूसाठी पाच मिलिमीटरची तटबंदी, आणि भोक पाडलं ते घरभेद्याने. मामाने टोक कानशीने घासलं, जुन्या ट्यूबचं कडं कापून नवी पट्टी चढवली, भोक घासून सोल्यूशन लावून ठिगळ दाबलं. "टायरचा दोष नाही," तो म्हणाला. बापूंच्या चेहऱ्यावर रंग आला. "मी काय म्हणत होतो?" ते मला म्हणाले. मी काहीच म्हटलेलं नव्हतं.

त्या दिवसाची नोंद अशी आहे : 'कारण – अंतर्गत. टायर निर्दोष.' खाली सेलोटेपखाली स्पोकच्या टोकाचा कीस.

तेव्हापासून बापू दर शनिवारी कचेरीतून येताना मामाकडे हवा भरायला थांबतात. त्यांच्या घरी काट्याचा पंप आहे, उभा, पायाने दाबून धरायचा, तोही सात महिने शोधून घेतलेला. मी एकदा विचारलं, घरी पंप असताना तिथे कशाला? "घरचा काटा आणि मामाचा हात, दोन्हींत फरक येतो," ते म्हणाले. "किती येतो, ते बघतोय." हा अभ्यास अजून चालू आहे.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. वही टेबलावर उघडी होती. शनिवारच्या नोंदींची नवी रांग सुरू झाली आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक वेळी त्याच अक्षरात, त्याच शाईने लिहिलेलं :

'हवा ६० पौंड. मामा ठीक.'